गॅसच्या रजिस्टरमधल्या अकरा लाल रेघा

माझी भाची परदेशात राहते. परवा फोनवर सांगत होती, तिने म्हणे घरातल्या गॅसची आणि विजेची कंपनी बदलली. चहा पिता पिता चार कंपन्यांचे दर शेजारी शेजारी लावून बघितले, स्वस्त कोणती ते पाहिलं आणि बटण दाबलं. जुनी बंद, नवी चालू. मग तिने मला विचारलं, "मावशी, तू तर गॅस एजन्सीत होतीस. तुमच्याकडे लोक कंपनी कशी बदलायचे गं?"

मी म्हटलं, "बयो, आमच्याकडे लोक आधी गॅस मिळायची वाट बघायचे. बदलायचं कुठलं काढलंस?"

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी तिला अर्धंच सांगितलं. आमच्या चाळीसगावातही दोनेक वर्षं अशी आली होती, की लोकांपुढे दोन गॅस होते, दोन दर होते आणि कुठला घ्यावा म्हणून घराघरांत खल चालायचा. त्याच भानगडीत माझ्या हातून रजिस्टरमध्ये अकरा लाल रेघा मारल्या गेल्या. या अंकाच्या संपादकांनी नोकरीतलं काहीतरी लिहा म्हणून तगादा लावला, तेव्हा मी गमतीचे किस्से लिहायला बसले होते. पण त्या रेघा लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिणं मला खरं वाटेना.

मी मूळची बोदवडची. लग्न होऊन चाळीसगावी आले. यजमान रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, आणि मी ऐंशीच्या दशकात गॅस एजन्सीच्या काउंटरवर चिकटले ती सोळा वर्षं उठले नाही. "नंबर लागला की कळवू" हे वाक्य मी जितक्यांदा बोलले, तितक्यांदा रामाचं नाव घेतलं असतं तर एव्हाना कुठल्यातरी देवळात माझी स्थापना झाली असती.

आजच्या मुलांना हे नंबर प्रकरण समजावून सांगावं लागतं. गॅसची कंपनी सरकारी, दर सरकारने ठरवलेला, आणि तो परवडणारा. त्यामुळे मागणारे हजारो आणि टाक्या मोजक्या. मग करायचं काय, तर एजन्सीत येऊन अर्ज भरायचा. आम्ही भल्यामोठ्या रजिस्टरमध्ये नाव लिहून नंबर द्यायचो. तो नंबर लागायला सहा वर्षं लागत, कधी आठ. लग्न ठरलं की पोरीच्या बापाने आधी कार्यालय बघावं की जावयाच्या नावाने गॅसचा नंबर लावावा, अशी तेव्हाची परिस्थिती होती. कोणी मुलगा झाल्याचे पेढे घेऊन आला, तर मी म्हणायची, "पेढे ठेवा, पण आजच नंबर लावून जा. मुंजीपर्यंत लागेल."

ते रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. तालुक्यात तहसीलदारांना नसेल एवढा मान मला त्या रजिस्टरमुळे होता. खोटं कशाला सांगू, तो मला आवडायचाही. भाजीबाजारात गेले की वांगी माझ्या पिशवीत वजनापेक्षा दोन जास्त पडायची. मी ती काढून परत ठेवायची, पण ठेवण्याआधी जरा वेळ घ्यायची.

नंबर लागला की दुसरं काम सुरू व्हायचं, ते म्हणजे घरी जाऊन तपासणी. ओटा आहे का, खिडकी आहे का, टाकी उभी राहील का, शेजारी चूल पेटती ठेवत नाहीत ना. मग मी घरातल्या सगळ्या बायकांना बसवून शिकवायची. आधी काडी, मग बटण. वास आला तर दिवा लावायचा नाही, पंखा लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या. घरातली म्हातारी पहिल्यांदा तो निळा जाळ बघायची तेव्हाचा तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आवाज नाही, धूर नाही, फुंकणी नाही. कित्येकींना तो जाळ खरा आहे यावर विश्वासच बसायचा नाही. एकीने तर हात घालून बघितला होता.

एक आबा होते, रिटायर्ड तलाठी. त्यांच्याकडे गॅस बसवला आणि ते जे गायब झाले ते वर्ष उलटून गेलं तरी दुसरी टाकी मागायला येईनात. मला वाटलं, घर सोडून गेले की काय. एके दिवशी आले, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "बाई, एक विचारू? गॅस शिळा होतो का?" मला काही कळेना. मग उलगडा झाला. आबांनी ती टाकी मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवली होती. शेगडीवर क्रोशाचं झाकण, टाकीला हळदकुंकू, आणि स्वयंपाक चुलीवर. मुलीचं लग्न आता ठरलं होतं, तर इतक्या दिवसांत आतला गॅस विटला तर नसेल, ही काळजी. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "नाही आबा, गॅस लोणच्यासारखा टिकतो." ते इतके समाधानाने गेले की मला नंतर आपल्या हसण्याची लाज वाटली. त्यांनी आयुष्यभर सगळं असंच राखून ठेवलं असणार.

नव्वदच्या दशकात मधेच कधीतरी सरकारने खाजगी कंपन्यांनाही गॅस विकायला परवानगी दिली. तशा एका कंपनीचं ऑफिस धुळ्यात उघडलं आणि तिची शाखा आमच्याच रस्त्यावर, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. नाव घेत नाही, ती आता नाहीही. बाहेर पिवळा बोर्ड: आज पैसे भरा, आज गॅस घेऊन जा. सहा वर्षं नंबर लावून बसलेल्या माणसाने तो बोर्ड वाचल्यावर त्याचं काय होत असेल, सांगा. आमचे शेठ, म्हणजे एजन्सीचे मालक, दुकानाच्या पायरीवर उभे राहून त्या बोर्डाकडे असे बघायचे, जसं काही तो त्यांच्या जागेत लावलाय.

झालं, गावात तुलना सुरू झाली. पण बायकांचं मोजमाप निराळं. किलो कोण बघतो? आमच्याकडे टाकी लावली की बाई आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करते. संपली की पुन्हा गोल. दोन गोलांमधले दिवस, हा गॅसचा हिशेब. तर गल्लीगल्लीत गोलांची तुलना झाली, आणि दिसलं असं की नव्या कंपनीची टाकी चार-पाच दिवस लवकर संपते. लगेच निकाल लागला: "त्यांचा गॅस पातळ आहे." गवळी दुधात पाणी घालतो तशी ही कंपनी गॅसात हवा घालते, अशी बातमी रेल्वे कॉलनीपासून पार घाट रोडपर्यंत पोहोचली. शेठ खूश झाले. म्हणाले, "शालिनीताई, लोक बोलतात ते काही अगदी खोटं नसतं."

ते अगदी खोटं होतं. त्यांच्या टाकीत गॅस बारा किलो, आमच्या टाकीत चौदा किलोच्या वर. कमी भरलेलं लवकर संपणारच. गॅस तोच, जाळ तोच. मात्र किलोच्या भावाने त्यांचा गॅस आमच्या दीडपट महाग पडत होता, आणि त्यांची टाकी आमच्या शेगडीला बसत नव्हती, कारण वरचं तोंडच वेगळं. हे मी विचारेल त्याला सांगायची. पातळ नाही, महाग आहे. शेठना माझं हे बोलणं आवडायचं नाही.

आता मंगला. तिशीच्या आतली, उंच, सडपातळ बाई. नवरा प्रल्हाद, शेती कापसाची आणि थोडी केळीची. घर गावाच्या हद्दीला लागून असलेल्या वस्तीत. घरात सासू, तिला सगळी वस्ती अक्का म्हणे. मंगलाला धुराचा त्रास होता. साधा खोकला नव्हे. चुलीपुढे बसली की श्वास अडायचा, ओठ काळेनिळे पडायचे. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की ही चुलीपुढे बसत राहिली तर फार दिवस नाही. आमच्याकडे तिने नंबर लावून तीन वर्षं झाली होती. दर शनिवारी बाजाराला आली की काउंटरला टेकून विचारायची, "बाई, मना नंबर उना का?" म्हणजे माझा नंबर आला का. मी रजिस्टर उघडून बघायची. बघायची गरज नसायची, तिचा नंबर मला पाठ होता. पण तिला बरं वाटावं म्हणून पानं उलटायची.

तर एका शनिवारी ती आणि प्रल्हाद दोघं आले. प्रल्हादच्या हातात पिवळ्या बोर्डवाल्यांचं छापील पत्रक. शेठ त्या दिवशी धुळ्याला गेले होते. प्रल्हाद म्हणाला, "बाई, लोक म्हनतस हाऊ गॅस पातळ शे. तुमी सांगा. लिऊ का नको लिऊ?"

मी त्यांना बाकावर बसवलं आणि एका कागदावर मांडून दाखवलं. तुमच्या घरी रोज पंचवीस भाकरी. चुलीवर केल्या तर पैसे लागत नाहीत, कापसाच्या काड्या शेतातल्या. रॉकेलवर केल्या तर रेशनचं रॉकेल पंधरा दिवसांत संपेल. विजेची शेगडी आणली, तर वीज असेल तेव्हाच जेवायचं. आमचा गॅस सगळ्यात परवडतो, पण तुमचा नंबर यायला अजून दोन-तीन वर्षं. त्यांचा गॅस दीडपट महाग, पण आज मिळतो.

प्रल्हाद कागदाकडे बघत राहिला. मंगला कागदाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "तुमनी लेक ऱ्हाती ते तुमी काय करतात?" म्हणजे माझी मुलगी असती तर मी काय केलं असतं.

मी म्हटलं, "आज घेतला असता. दोन-तीन वर्षं खोकला थांबणार आहे का? आणि नंबर कुठे जातोय, तो राहू द्या. लागला की आमचा घ्या, त्यांचा परत करा."

हे मी बोलले. आमच्या एजन्सीच्या खुर्चीवर बसून, समोरच्या कंपनीचा गॅस घ्या म्हणून सांगितलं. मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो पुढच्या गोष्टीचा.

महिन्याभरात शेठच्या कानावर आलं की आमच्या यादीतले बरेच लोक तिकडे गेले. ते भडकले. काउंटरच्या मागे त्यांची गादी होती, तिथून म्हणाले, "ज्यांनी तिकडचा गॅस घेतला, त्यांचं नाव आपल्या रजिस्टरमधून कापायचं. दोन दगडांवर पाय ठेवायला ही काय नदी आहे?" मी म्हटलं, "शेठ, असा नियम कुठे आहे?" ते म्हणाले, "मी सांगतो तो नियम." लेखी काही नाही.

आता कोणी तिकडचा गॅस घेतला हे कळणार कसं? तर मी विचारायचं. नंबर विचारायला माणूस आला की विचारायचं, "तिकडचा गॅस घेतला का हो?" गावातले शहाणे लोक एका मिनिटात समजून गेले. वकील, प्राध्यापक, व्यापारी, सगळे म्हणाले, "छे छे, आम्ही कशाला घेऊ?" घरी पिवळ्या बोर्डाची टाकी, आणि इथे मान हलवून नाही. त्यांचे नंबर शाबूत राहिले. खरं सांगणारे निघाले अकरा. एक शाळेतला शिपाई, एक विधवा नर्स, दोघे हमाल, बाकीचे शेतकरी. त्यांच्या नावावर मी लाल शाईने रेघ मारली.

मंगला आली ती हसतच. शनिवार होता, बाजाराची पिशवी भरलेली. मी अजून विचारलंही नव्हतं. काउंटरला टेकून म्हणाली, "बाई, गॅस ली उनूत आमी! तुमी सांगं तसंच करं. धा दिन झायात, एक दिन बी खोकला उना नही." आणि पिशवीतून केळ्यांची फणी काढून माझ्यासमोर ठेवली.

शेठ मागे गादीवर बसलेले होते. वर्तमानपत्राचा आवाज थांबला. मला वळून बघायचीही गरज नव्हती.

मी रजिस्टर उघडलं आणि तिचं नाव कापलं.

तिला मी "बरं झालं" एवढंच म्हटलं. ती केळी मी घरी नेली नाहीत, दुकानातल्या लोकांना वाटून टाकली. त्या रात्री यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "नोकरी आहे, करावं लागतं." मला तसं म्हणायला जमेना. आजही जमत नाही.

पुढे साधारण दीड वर्ष बरं गेलं. मंगला बाजारात दिसायची, तब्येत भरलेली. एकदा तिने सांगितलं की अक्का सुरुवातीला गॅसवर फार चिडली होती. "आखाजीले मांडा व्हतीन का तुना गॅसवर?" म्हणून सुनेला विचारायची. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा आमच्या खानदेशातला मोठा सण. त्या दिवशी लेकी माहेरी येतात आणि मातीच्या पालथ्या खापरावर पुरणाचे मांडे भाजतात. ते खापर शेगडीवर काही बसेना. शेवटी अक्काने अंगणात तीन दगड मांडून मांडे स्वतः भाजले आणि घरातला गॅस मान्य केला. उलट सकाळचा पहिला चहा गॅसवरच हवा, म्हणून आता तीच सगळ्यांच्या आधी उठते, असं मंगला हसत हसत सांगत होती. मी तिच्याबरोबर हसले खरी, पण माझं लक्ष त्या लाल रेघेकडेच होतं.

आणि एक दिवस पिवळ्या बोर्डाचं शटर वर गेलंच नाही. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, कोणी वारलं असेल. आठ दिवसांनी कळलं की धुळ्याचंही ऑफिस बंद आहे, टाक्यांचा ट्रक येणार नाही, अनामत परत मिळायचं नाव नको. लोक रिकाम्या टाक्या सायकलवर बांधून आमच्या दारात येऊ लागले. त्यांना सांगावं लागे की तुमच्या टाकीचं तोंड वेगळं, आमच्याकडे भरून मिळत नाही. ज्यांनी खोटं सांगितलं होतं ते निवांत होते. त्यांचे नंबर जवळ आले होते, काहींना गॅस लागलासुद्धा. अडकले ते अकरा.

मंगला आली नाही. अक्का आली.

ठेंगणी, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली बाई. आमच्या बाकावर येऊन बसली. मी विचारलं, "कोणाकडून आलात आजी?" म्हणाली, "मंगलानी सासू. मनी सून परत चुलीपुढे बठनी. मी बठतस म्हनू, ते आयकत नही. म्हनस, सासूले राबाडीसन मी बठू का? मी इतला वरीस धूर खादा, माले काही झाय नही. तिले सोसत नही वं माय. तू तिले नंबर दे."

मी म्हटलं, "अक्का, नंबर आता..." शेठ मागून म्हणाले, "आजी, नंबर कापला गेलाय. नवीन अर्ज करा. सहा वर्षं."

अक्का शेठकडे बघतसुद्धा नव्हती. मला म्हणाली, "मी शनवारले यी." आणि गेली.

पुढच्या शनिवारी आली. बसली. बाजार उठायच्या वेळी गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तसंच. ना भांडण, ना रडणं. पदरात शेंगदाणे असायचे, एकेक सोलून खात बसायची आणि मधूनच माझ्याकडे बघायची. मी सोळा वर्षांत शिव्या खाल्ल्या, धमक्या ऐकल्या, एका पुढाऱ्याने टेबलावर हात आपटला होता, तेव्हा माझी पापणी हलली नव्हती. पण त्या बाईचं शेंगदाणे सोलणं मला सोसेना.

तिसऱ्या शनिवारी मी शेठना एकटं गाठलं. म्हटलं, "त्या अकरा लोकांचे नंबर परत द्या."

"कसे देणार? रजिस्टर आहे ते. त्यात खोडाखोड चालत नाही. रेघ मारली ती मारली."

"शेरा लिहून परत घेता येतं. खाली कारण आणि सही लागते."

शेठ म्हणाले, "कारण काय लिहिणार? मी सांगितलं म्हणून?" त्यांच्या आवाजात मला पहिल्यांदाच भीती ऐकू आली. ते वाईट माणूस नव्हते. रागाच्या भरात बोलून गेले होते, आणि आता कंपनीच्या साहेबांसमोर ते निस्तरायचं कसं हे त्यांना कळत नव्हतं. एजन्सी गेली तर सगळंच गेलं. मी हे तेव्हा विचार करून ठरवलं असं नाही, तोंडातून निघून गेलं: "माझी चूक लिहिते."

कंपनीचे साहेब वर्षातून एकदा रजिस्टर तपासायला यायचे. चष्मा लावून पान न् पान बघणारा माणूस. ते आले तेव्हा मी शेरा लिहून तयार ठेवला होता: ही अकरा नावे ग्राहकांचा कोणताही अर्ज नसताना माझ्याकडून चुकीने कमी झाली आहेत, तरी ती मूळ क्रमांकावर पुन्हा घ्यावीत. खाली माझी सही.

साहेबांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अकराही चुकीने?"

"हो साहेब, अकराही."

"एकाच शाईने, एकाच महिन्यात?"

"माझं असंच आहे साहेब. एकदा हात चुकायला लागला की चुकतच जातो."

त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठ भिंतीवरच्या लक्ष्मीकडे बघत होते. साहेबांनी पेन काढलं, शेऱ्याखाली मंजूर म्हणून सही केली आणि मला लेखी समज दिली. पुन्हा असा निष्काळजीपणा झाल्यास रजिस्टरचं काम काढून घेतलं जाईल, असं त्यात होतं. शेठनी त्याच महिन्यात ते काम माझ्याकडून काढून घेतलंही. बहुधा रोज माझ्याकडे आणि त्या पानाकडे एकत्र बघणं त्यांना जड जात असावं. पुढची चार वर्षं मी पावत्या फाडल्या. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वांगी वजनाला बरोबर यायला लागली, तेव्हा तर फारच वाटलं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती अकरा नावं जुन्या जागी आली, तेव्हा त्यांच्या मागे उभे असलेले सगळे तेवढेच मागे सरकले. त्यांनी माझं काय वाकडं केलं होतं? त्यांचा गॅस महिना-दीड महिना उशिरा आला. त्यांच्यापैकी कोणाला हे कळलं नाही, पण मला कळत होतं.

मंगलाचा नंबर तोवर लागूनच गेला होता. त्यामुळे पहिल्याच खेपेत तिचं नाव निघालं. तपासणीचं काम अजून माझ्याकडे होतं, म्हणून मीच गेले. मातीचं सारवलेलं घर, पण ओटा शहाबादी फरशीचा, खिडकीसमोर. मंगला खाटेवर बसलेली होती, बरगड्या दिसत होत्या. त्या चार-पाच महिन्यांच्या चुलीने तिचं दीड वर्षाचं बाळसं पार उतरवलं होतं. मी टाकी जोडली, रबराच्या नळीला साबणाचा फेस लावून बघितला आणि काडी तिच्या हातात दिली. तिने जाळ पेटवला. मग खोकली, पण ती जुनी उबळ होती, आता नवा धूर त्यात पडणार नव्हता.

अक्काने चहाचं आधण ठेवलं. मला म्हणाली, "बठ वं माय, चहा ली जाय."

मला राहवेना. मी म्हटलं, "अक्का, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. मंगलाचं नाव मीच कापलं होतं. माझ्या हाताने."

अक्का चहात साखर टाकत होती. मागे वळलीसुद्धा नाही.

"माले म्हाईत शे. मंगलानी पाह्यं व्हतं. त्याच दिन घर यीसन सांगं तिनी, बाईनी मना समोरच रेघ मारी म्हनीसन."

मी मंगलाकडे पाहिलं. ती खाली बघत होती. दीड वर्ष ही बाई मला बाजारात भेटत होती, आपल्या सासूच्या गमती सांगत होती, आणि तिला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं.

"मग तुम्ही शेठकडे का नाही गेलात? साहेबांकडे तक्रार का नाही केलीत? तीन शनिवार माझ्यासमोर नुसत्या बसून राहिलात."

अक्काने कप माझ्या हातात दिला. "जी बाईनी रेघ मारी, तीच पुसी. दुसराकडे जाईसन काय करू मी?"

त्या घरात आता धूर नव्हता, त्यामुळे डोळ्यांना पदर लावायला मला काही सबब उरली नव्हती. तरी मी लावला.